दुसरी हाक

त्याचं खरं नाव घरात कुणी घेत नसे. आई त्याला ढिम्म म्हणायची, ताई ढिम्म म्हणायची, आणि पुढे पुढे गिऱ्हाइकंही फोनवर विचारायला लागली, "ढिम्मसाहेब आहेत का?" त्याने कधी हरकत घेतली नाही. हरकत घ्यायची तर लगेच घ्यावी लागते. त्याला ती सुचेपर्यंत नाव चिकटून वाळलं होतं.

नाव उगाच पडलं नव्हतं. लहानपणी आईने हाक मारली की तो जागचा हलत नसे. दुसऱ्या हाकेला मान वर व्हायची. तिसऱ्या हाकेला "काय?" म्हणायचा, तेही पुस्तकाला किंवा उघडलेल्या रेडिओला. मग आई जी हाक मारायची ती शेजारच्यांना ऐकू जायची आणि तेच त्याला बखोटीला धरून घरी आणून सोडायचे.

असा माणूस मोठा होऊन पल्स जनरेटर दुरुस्त करायला लागला, यावर सगळ्यात जास्त तोच हसत असे. पल्स जनरेटर म्हणजे विजेचे ठोके देणारा डबा. इशारा मिळाला की तो एक ठोका देतो, ठरलेल्या उंचीचा, ठरलेल्या लांबीचा. दुसरी यंत्रं त्या ठोक्याला कशी दाद देतात ते बघायला कॉलेजांच्या प्रयोगशाळांना आणि कारखान्यांच्या चाचणी विभागांना तो लागतो. "ज्याला स्वतःच्या आईची हाक कळत नाही," तो सांगायचा, "त्याच्याकडे जग आपली यंत्रं वेळेवर जागी करायला पाठवतं. यात माझी हुशारी नाही. जगाचा गाफीलपणा आहे."

खाली त्याचं वर्कशॉप, वर घर. घरात तो आणि आई. लग्नाचा विषय निघाला की तो म्हणायचा, "विचार करतोय," आणि हे तो इतकी वर्षं म्हणत होता की विचारणाऱ्यांची मुलं आता लग्नाला आली होती. घराच्याही वरच्या खोलीत एक तरुण भाड्याने राहत असे. साहित्यात एमए झालेला, पुस्तकांची मुद्रितं तपासून पोट भरणारा. त्याला सगळे एमएच म्हणत. कामातून उठला की तो खाली येऊन वर्कशॉपमधल्या स्टुलावर बसायचा आणि तोंड उघडं ठेवून ढिम्मकडे बघत राहायचा. ढिम्मला श्रोता मिळाला होता. एमएला काय मिळालं होतं ते देव जाणे.

आई शाळेत खेळाची शिक्षिका होती. मैदानाच्या त्या टोकाला चुकीच्या पायाने धावणारं पोर ती या टोकावरून सुधारायची. शाळेने माइक विकत घेतला तो ती निवृत्त झाल्यावर. त्या आईच्या स्वरयंत्रावर गाठ निघाली. ऑपरेशन झालं. गाठ गेली आणि तिच्याबरोबर आवाजही गेला. मागे उरली ती कुजबुज. डॉक्टर म्हणाले, आता एवढंच. आई हसली. हसण्याचा आवाजही गेला होता, त्यामुळे ती खरंच हसली की काय ते ढिम्मला तिच्या खांद्यांवरून ओळखावं लागलं.

एका दुपारी आईला स्वयंपाकघरात चक्कर आली. ती सिंकजवळ खाली बसली, आणि पाय आखडला म्हणून तिला उठता येईना. ढिम्म खाली होता. बरोबर तिच्या पायाखाली. पंखा चालू, समोर उघडा डबा, डोळे तपासणीच्या यंत्राच्या पडद्यावर. भूक लागली तेव्हा तो वर आला.

"कधीपासून बसलीयस?"

"हाका मारतेय," आई कुजबुजली.

"किती मारल्यास?"

"मोजायला मी काय तुझं यंत्र आहे?"

दुसऱ्या दिवशी ताई आली. ताई दुसऱ्या गावी एका इस्पितळात वॉर्डची मुख्य नर्स होती आणि घरातही तशीच चालायची, सगळ्या खाटांवरून नजर फिरवत.

"माझ्या वॉर्डात पेशंटने घंटी दाबली आणि सिस्टर गेली नाही तर तिला मेमो मिळतो," ती म्हणाली. "तुला कोण देणार मेमो?"

"तू देतेयस की."

"दात काढू नकोस. आई माझ्याकडे येतेय."

आईने मान हलवली. आडवी. "तिकडे काय करू मी? तू आणि जावई, दोघंही ड्यूटीला. भिंतीशी बोलायचं तरी आवाज लागतो." मग तिने खिडकीतल्या कुंड्यांकडे बोट दाखवलं. "आणि ही कोण बघणार? हा? याला कॅक्टससुद्धा जगवता आला नव्हता."

"खरंय," ढिम्म म्हणाला. "मी त्याला पाणी घालायचं ठरवत होतो."

ताईला हसू आलं, आणि हसू आल्याचा राग आला. शेवटी तिने अट घातली. तिला पुढची जोडून सुट्टी मिळाली की ती येईल. तोवर आईने हाक मारली आणि हा वर आला, असं होत असेल तर ठीक. नाहीतर ती आईची बॅग भरूनच परत जाईल. "आणि बाजारात घंटीचं बटण मिळतं," ती जाताना म्हणाली. "ते आण. शास्त्रज्ञ होऊ नकोस."

ढिम्मने बटण आणलं. ते आधी पिठाच्या डब्यात सापडलं. मग कुंडीत. मग काही दिवस कुठेच सापडलं नाही, आणि एके सकाळी वॉशिंग मशीनमधून आईच्या गाऊनच्या खिशात निघालं. स्वच्छ धुतलेलं. वाजायचं मात्र कायमचं बंद झालेलं.

"गळ्यात अडकव म्हटलं होतं ना."

"गळ्यात? मी काय बकरी आहे?"

खरं तर दुसरं बटण आणता आलं असतं. शहाण्या माणसाने तेच केलं असतं. पण ढिम्मच्या मनात कधीचं एक खुपत होतं. लोकांची यंत्रं दुरुस्त करताना जन्म चालला होता, स्वतःच्या घरासाठी त्याने साधा दिवासुद्धा बनवला नव्हता. त्याने ठरवलं, आईने फक्त बोलायचं. बटण नाही, काही नाही. ती "ढिम्म" म्हणेल आणि खाली घंटी वाजेल. हे ठरवायला त्याला अजिबात वेळ लागला नाही. तिथेच त्याला संशय यायला हवा होता.

त्याने स्वयंपाकघर आणि आईची खोली यांच्या मधल्या दारावर एक मायक्रोफोन लावला. वायर खिडकीतून खाली. खाली टेबलावर पल्स जनरेटरचं पोट उघडं पडलं होतं.

"हा ॲम्प्लिफायर," तो स्टुलावरच्या एमएला सांगत होता. "याचं काम लहानाचं मोठं करणं. आईची कुजबुज आली की हा तिची आरोळी करतो."

"म्हणजे आजींचा गेलेला आवाज..." एमएने डोळ्यांना रुमाल लावला.

"थांब, रडू नकोस, सोल्डरचा टाका भिजेल. याला अक्कल शून्य. कुजबुज मोठी करतो तशी भांड्याची आपटही मोठी करतो. झुरळ धावलं तर घोडा करेल. आमची आत्या होती अशी. कानावर पडेल ते दसपट करून पुढे."

"मग खरं काय नि खोटं काय, ते कोण ठरवतं?"

"हा ठरवतो. ट्रिगर. हा दारावरचा राखणदार. वरून येणाऱ्या आवाजाची किती उंची झाली एवढंच हा बघतो. त्याला एक रेषा आखून दिलीय. उंची रेषेच्या खाली असली तर हा हलत नाही. रेषा ओलांडली की एका फटक्यात उलटतो. अर्धवट उलटणं, विचार करतो म्हणणं, असलं काही नाही. कारण उलटायला लागला की त्याचाच थोडा जोर मागून त्यालाच धक्का देतो. ताईचा राग कसा असतो? सुरू व्हायला वेळ लागतो, पण एकदा सुरू झाला की स्वतःच्याच बोलण्याने वाढत जातो. तसं."

"मग घंटी?"

"मग हा पुढचा भाग. ट्रिगर उलटला की हा ठरलेल्या लांबीचा एक ठोका घडवतो. आई नुसती कुजबुजो नाहीतर दिवसभर बोलत बसो, ठोका तेवढाच. पण या ठोक्यात नुसतं शहाणपण असतं, घंटी हलवायचं बळ नसतं."

"म्हणजे आम्ही साहित्यवाले."

"तू म्हणालास. म्हणून शेवटी आणखी एक ॲम्प्लिफायर, ताकदीचा. तो घंटी वाजवतो."

घंटी वाजली. इतकी वाजली की समोरचा सायकलवाला बाहेर येऊन बघू लागला. ढिम्म जिन्यावरून धावला. वर आई उतू गेलेल्या दुधाकडे बघून नुसतं "गेलं" म्हणाली होती.

एवढ्याशा शब्दाला एवढा गोंगाट का, ते त्याला लगेच कळलं. कुजबुज थरथरत असते. तिची पातळी त्या रेषेवर वर गेली, खाली आली, वर गेली, खाली आली, आणि दर खेपेला ट्रिगर उलटला. यावर उपाय असतो आणि तो त्याला पाठ होता. एका रेषेच्या जागी दोन आखायच्या. वरची ओलांडली की ट्रिगर उलटणार. पण पुन्हा उलटायला तयार व्हायचं असेल तर आवाज खालच्या रेषेच्याही खाली उतरला पाहिजे. मधल्या जागेत कितीही थरथर होवो, हा दाद देत नाही.

"म्हणजे मध्ये असताना ढिम्म," एमए म्हणाला.

"ढिम्म. माझा स्वभाव आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या कामाला येतोय, बघ."

आणि त्या आनंदात त्याने हात सैल सोडला. दोन रेषांमधलं अंतर जरा ठेवायचं असतं. त्याने खालची रेषा पार खाली ओढली, पाहुण्यांसाठी सतरंजी पसरावी तशी. मग बटण चालू केलं आणि वर ओरडला, "बोल!"

आई वर "ढिम्म" म्हणाली. खाली घंटी वाजली. एकदाच, नीट, गोड. त्याने यंत्र बंद केलं, एक स्क्रू आवळला, चालू केलं, पुन्हा ओरडला. पुन्हा एकच घंटी. बंद, चालू, "बोल!", घंटी. कितीदा तरी. एमएने टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनीही घंटी वाजली नाही, म्हणून ढिम्म आणखीच खूश झाला. त्या खालीच वाजल्या होत्या, हे त्याच्या लक्षात यायला जेवणाची वेळ झाली.

त्यानंतरचे दिवस फार छान गेले. निदान त्याचे. संध्याकाळी वर्कशॉप बंद करताना मेन स्विच खाली पाडायचा आणि सकाळी उघडताना वर करायचा, ही त्याची जुनी शिस्त. रात्री तो आईशेजारीच असे, तेव्हा यंत्राची गरज नसे. सकाळी तो खाली गेला की थोड्या वेळाने घंटी वाजायची. तो धावत वर. आईने चहा ठेवलेला असायचा. चहा पिऊन तो खाली यायचा, आणि मग दिवसभर घंटी गप्प.

"आईची तब्येत सुधारली," त्याने ताईला फोनवर सांगितलं. "सकाळी एकदा बोलावते. नंतर लागतच नाही मी तिला."

"लागत नाहीस? आईला?"

"मला माहीत होतं तुला पटणार नाही. यंत्र आहे ताई, बटण नाही. तुझ्या वॉर्डालाही एक करून देतो."

"आधी घरचं बघू," ताई म्हणाली. "रविवारी येतेय."

शनिवारी सकाळी चहा होऊन गेल्यावर एमए वर्कशॉपच्या दारात उभा राहिला. हातात कुंडी, केसांत माती.

"काका, आजींनी मला हे झाड दिलं."

"घे की. बरं झालं, माझ्या हातून वाचलं."

"सगळी दिली. माझ्या खोलीत आता मला पाय ठेवायला जागा नाही." तो थांबला. "आजी उद्या ताईंबरोबर चालल्यात ना?"

ढिम्मच्या हातातली सोल्डरिंगची काडी तशीच राहिली. "कोण म्हणतं?"

"त्याच म्हणाल्या. बॅग भरतायत. मी विचारलं, का आजी? तर म्हणाल्या, पोरगा पहिल्या हाकेला येतो. धापा टाकत येतो. लहानपणी तिसऱ्या हाकेला यायचा, म्हणजे सुधारला. पण मग पुढच्या कितीही हाका मारा, येत नाही. काम असतं त्याला. आणि हे मी त्याला बोलून दाखवलं तर तो कामधंदा सोडून वर माझ्या उशाशी येऊन बसेल. त्यापेक्षा मीच जाते." एमएने कुंडी खाली ठेवली. त्याचे डोळे भरले होते. "मला हे तुम्हाला सांगायचं नव्हतं. पण राहवलं नाही."

ढिम्म मान खाली घालून बसला. काडीचा धूर वर जात राहिला. एमएला वाटलं, आता हा माणूस कोसळणार. त्याने खांद्यावर ठेवायला हातही पुढे केला.

"रोज?" ढिम्मने विचारलं.

"अं?"

"रोज पहिली वाजते आणि नंतरची एकही नाही? मधलीच एखादी वाजली, असं कधी? आठव. ती काय म्हणाली नेमकं?"

"काका, त्या तुमच्या आई आहेत!"

"ठाऊक आहे मला. म्हणून तर तिच्या शब्दावर विश्वास ठेवतोय." ढिम्म उठून उभा राहिला. "हे बघ. चूक माझी असती तर मी कधी आलो असतो, कधी नसतो. एखाद्या दिवशी पहिल्याही हाकेला आलो नसतो. रोज नेमकी पहिली धरायची आणि नेमकी दुसरी सोडायची, एवढी शिस्त माझ्या अंगात नाही. ही शिस्त यंत्राची आहे!"

एमए थक्क होऊन बघत राहिला. आईने बॅग भरलीय हे ऐकून माणसाचा चेहरा असा उजळलेला त्याने कुठल्या पुस्तकातही वाचला नव्हता.

ढिम्मने ऑसिलोस्कोप उचलला. विजेची पातळी पडद्यावर हिरव्या रेषेने दाखवणारं ते धूड. पोराला कडेवर घ्यावं तसं घेऊन तो जिना चढू लागला आणि ओरडला, "एमए, खाली थांब! घंटी वाजली तर बोंब मार!"

आई टेबलाशी बसून स्वेटरची घडी घालत होती. बॅग खुर्चीवर उघडी होती. ढिम्मने ती उचलून खाली ठेवली आणि तिच्या जागी ऑसिलोस्कोप बसवला. खिडकीतली वायर सोलून त्याला जोडली.

"हे काय?" आई कुजबुजली.

"आई, आज मला हाका मारल्यास? सकाळच्या चहानंतर?"

आईने स्वेटरची घडी पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

"भांडायला नाही विचारत. मारल्यास का?"

"मारली एक. डब्याचं झाकण निघत नव्हतं. मग एमएने काढून दिलं."

"काल?"

"काल काय, परवा काय," आई म्हणाली. "जाऊ दे ना आता."

पडद्यावर हिरवी रेषा उमटली. ढिम्मला वाटलं होतं ती तळाशी असेल, घर शांत होतं. ती तळाशी नव्हती. ती मध्येच तरंगत होती. त्याने ज्या दोन रेषा आखल्या होत्या, बरोबर त्यांच्या मध्ये, सतरंजीवर लोळत पडल्यासारखी.

"माझं नाव घे."

"ढिम्म."

हिरवी रेषा वर उसळली, वरच्या हद्दीपार गेली, परत येऊन मध्ये लोळू लागली. खालून बोंब आली नाही. कशी येणार? ट्रिगर सकाळपासून उलटलेलाच होता. आईची सकाळची हाक धरून तो बसला होता आणि वाट बघत होता, आवाज खालच्या रेषेखाली जाईल, मग पुढची हाक घेईन. पण आवाज खाली जात नव्हता. कशाचा आवाज?

ढिम्मने कान टवकारले. मग मान हळूहळू वळवली.

कोपऱ्यात फ्रिज होता. वडिलांच्या वेळचा, पोट सुटलेला. तो घुमत होता. तो नेहमीच घुमायचा. दम घेणं त्याला माहीतच नव्हतं, आणि घरच्या कुणाला ते घुमणं ऐकू येत नसे, कारण ते कधी थांबतच नसे. ट्रिगर उलटवण्याइतका त्याचा आवाज मोठा नव्हता. ट्रिगरला पुन्हा तयार होऊ न देण्याइतका होता.

ढिम्मने फ्रिजचा प्लग उपटला. घर एकदम पोकळ झालं. हिरवी रेषा घसरली आणि तळाशी जाऊन निजली.

"घे नाव."

"ढिम्म."

"वाजली!" खालून एमए इतक्या जोरात ओरडला की ती आरोळी जिन्यातून वर आली, मायक्रोफोनमध्ये शिरली आणि खाली पुन्हा घंटी वाजली. "परत वाजली! काका, परत वाजली!"

आई पडद्याकडे बघत होती. "म्हणजे तुला ऐकूच येत नव्हतं?"

"रोज सकाळी मेन चालू केला की हा बावळट कोरा असायचा. तुझी पहिली हाक घ्यायचा, आणि मग संध्याकाळपर्यंत तीच कवटाळून बसायचा. मी प्रत्येक चाचणी बंद करून, चालू करून घेतली. म्हणजे दरवेळी पहिलीच हाक तपासली. दुसरी हाक म्हणून काही असते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. वरच्या रेषेवर इतकी घासाघीस केली, खालच्या रेषेकडे ढुंकून पाहिलं नाही."

आईचे खांदे हलू लागले. हसण्याने की कशाने, ते त्याला या वेळी ओळखता आलं नाही.

"मला वाटलं तू कंटाळलास," ती म्हणाली.

"कंटाळलो असतो तर सांगितलं असतं."

"कधी?"

"तिसऱ्या हाकेला."

तेव्हा मात्र कळलं, हसण्यानेच.

दुपारभर तो खालच्या रेषेच्या मागे लागला. ती त्याने वर सरकवली, फ्रिजच्या घुमण्याच्या जेमतेम वर. मधली जागा अरुंद झाली, त्यामुळे घंटी अधूनमधून एकाऐवजी दोनदा वाजू लागली. एमए म्हणाला, हे काही नीट झालं नाही. ढिम्म म्हणाला, "जास्तीची वाजली तर माझे गुडघे जातील. वाजायची ती वाजली नाही तर आई जाईल. गुडघे दोन आहेत." आईने मात्र बॅग रिकामी केली नाही, बंदही केली नाही.

ताई रविवारी आली ती सरळ वर. तिने मायक्रोफोन पाहिला, वायर पाहिली, ऑसिलोस्कोपवर वाळत घातलेला टॉवेल पाहिला. "खाली जा," ती ढिम्मला म्हणाली. "दार लावून घे. आणि काम कर. घंटीकडे बघत बसायचं नाही."

तो खाली गेला. घंटी वाजली. तो वर आला. "ठीक आहे, जा," ताई म्हणाली. तो खाली पोचतो न पोचतो तोच घंटी वाजली. तो वर आला. "जा." पुन्हा वाजली. या खेपेला तो कठडा धरून आला आणि दाराच्या चौकटीला टेकला.

"ताई, इस्पितळात असंच करता? पेशंट मरतो की सिस्टर?"

"जा खाली."

मग बराच वेळ काही नाही. त्याने खरंच एका डब्याचं झाकण उघडलं, खरंच कामात डोकं घातलं. घंटी वाजली. लगेच दुसऱ्यांदाही वाजली. तो वर धावला.

"काय झालं?"

ताई वाकून जमिनीवरचं पातेलं उचलत होती. "हातातून पडलं."

"मग ठीक," तो म्हणाला आणि वळला.

"थांब. पातेलं पडलं म्हणून आलास तू?"

"खाली मला काय कळणार पातेलं पडलं की आई? घंटी वाजली, आलो."

"आणि दिवसभर अशी पातेली पडली तर?"

"तर दिवसभर येईन. काय करणार? राखणदाराला मी एवढंच शिकवू शकलोय. पुढचं बघायला कुणीतरी वर यावं लागतं."

ताईने पातेलं ओट्यावर ठेवलं. ते तिने जरा जपूनच ठेवलं. खुर्चीशेजारच्या बॅगेकडे बघितलं, मग आईकडे. "आई?"

आईने बॅगेतून स्वेटर काढला आणि कपाटात ठेवला. मग तिने वरच्या मजल्याकडे बोट दाखवलं. "त्या पोराला सांगा," ती कुजबुजली, "कुंड्या खाली आण म्हणावं. त्याने नुसतं रडून पाणी घातलं असेल. खारट झाली असतील."

खाली घंटी वाजली. तिघांनी जिन्याकडे पाहिलं.

"आता कोण जाणार?" ताई म्हणाली. "हा तर इथेच आहे."

जेवून ताई एकटीच निघाली. जिन्यात तिने ढिम्मच्या हातात एक पुडी कोंबली. तिच्यात घंटीचं बटण होतं, लांब दोरीसकट. "असू दे," ती म्हणाली. "तुझं यंत्र शिकतंय तोवर."

दुपार टळली. एमएने कुंड्या एक एक करून खाली आणल्या. ढिम्मने एका प्रयोगशाळेचा डबा समोर ओढला आणि पहिला स्क्रू सैल केला. घंटी वाजली. तो वर गेला.

आई खिडकीशी पाणी घालत होती.

"काय?"

"काही नाही," ती म्हणाली. "तयार आहे का बघितलं."

"आहे."

"बरं. जा मग."

तो खाली निघाला. अर्ध्या जिन्यात असतानाच खाली घंटी वाजली. तो कठड्याला धरून थांबला. फ्रिज असेल. पातेलं असेल. नाहीतर कुंडीला बोलत असेल ती.

त्याने गुडघा चोळला आणि वर वळला.